पूर्णा स्टेशनवरचे बाकडे



२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. १९७१ साली याच दिवशी दादासाहेब आपल्यातून गेले. हा दिवस जवळ आला की आम्हाला एक जुनी संध्याकाळ हटकून आठवते. मोठ्या माणसांच्या आठवणी सांगताना पुष्कळ जण आपण त्यांच्या किती जवळचे होतो, हेच जास्त सांगतात. आम्हाला ती सोय नाही. उभ्या आयुष्यात दादासाहेबांची आणि आमची गाठ एकदाच पडली, तीही रेल्वेच्या फलाटावर, गाडी येईपर्यंतच्या वेळात. आमच्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. तरीपण त्या तासाभराने आम्हाला जे शिकवले ते पुढच्या शाळेने शिकवले नाही. आणि ते शिकूनही आम्ही एकदा विसरलो, त्याची सजा आमचे घर आजही भोगते आहे. म्हणून आज हे लिहायला बसलो.

साल १९६४. तेव्हा आपला हिंगोली जिल्हा नव्हता. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका. जिल्हा झाला तो पुढे १ मे १९९९ ला. आमचे गाव कयाधूच्या काठावर. वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार. गुढीपाडव्याला साल ठरायचे, ज्वारी किती आणि कपडे किती ते तोंडी ठरायचे, आणि वर्षभर दिवस उगवायच्या आधी माणूस आखाड्यावर हजर. माय रोजंदारीने खुरपायला, कापूस वेचायला जायची. आम्ही बारा वर्षांचे, सहावीत. घरात अक्षर ओळखणारे आम्ही एकटेच. धाकटा भाऊ मायच्या कडेवर.

दिवाळी होऊन गेली होती. मामा पूर्णेच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते. त्यांचे पोस्टकार्ड आले, ते आम्हीच वाचून दाखवले. दादासाहेब अमुक दिवशी पूर्णेवरून जाणार आहेत, गाडी बदलेपर्यंत स्टेशनवर थांबतील, सत्याग्रहात ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी यावे, असा मजकूर होता. वडिलांनी एक दिवसाची रजा मागितली. मालकाने विचारले, काहून? वडील म्हणाले, मेव्हणा आजारी आहे. खोटे बोलल्याचे त्यांना वाईट वाटले, पण खरे बोलले असते तर सालच गेले असते.

हिंगोलीहून पूर्णेला तेव्हा मीटरगेजची छोटी गाडी. वसमतवरून रडतखडत जायची. डब्यात आमच्यासारखेच लोक. कुणाच्या डोक्याला पटका, कुणाच्या खांद्यावर घोंगडी, फडक्यात बांधलेल्या भाकरी. दोन-तीन गावांचे लोक एकाच कामाला निघाले आहेत हे वसमत येईपर्यंत एकमेकांना कळले आणि मग डब्यात भीमगीते सुरू झाली. पूर्णेला उतरलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. इंजिनांचा धूर, कोळशाचा वास आणि फलाटाच्या टोकाला आपल्या माणसांची गर्दी.

दादासाहेब एका लाकडी बाकड्यावर बसले होते. धोतर, कोट, पायात साध्या वहाणा. आम्ही मनात काही वेगळेच चित्र रंगवले होते. दिल्लीच्या राज्यसभेत बसणारा माणूस म्हणजे कसा असेल! आणि हा तर आमच्या गावच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा दिसत होता. लोक खाली फलाटावर बसलेले. एक कार्यकर्ता लोखंडी पेटीवर वही ठेवून नावे लिहून घेत होता. नाव, गाव, वय आणि शेवटचा रकाना जमिनीचा. लोक पुष्कळ, उजेड कमी, आणि त्या बिचाऱ्याचा हात दुखून आलेला. मामांनी आम्हाला पुढे ढकलले. आमचा भाचा सहावीत आहे, अक्षर चांगले आहे, म्हणाले. कार्यकर्त्याने पेन आमच्या हातात दिले. ते शाईचे पेन आम्ही पहिल्यांदाच धरले.

आम्ही लिहीत गेलो. माणसे येत होती, नाव सांगत होती, अंगठा उठवत होती. जमीन किती, असे विचारले की जवळजवळ प्रत्येक जण एकच शब्द बोलायचा. आम्ही शेवटच्या रकान्यात एकाखाली एक 'नाही, नाही, नाही' लिहीत गेलो. वडिलांचे नाव लिहिले, त्यापुढेही 'नाही' लिहिले. लहान होतो, तरी पानभर तो एकच शब्द पाहून पोटात कसेतरी झाले.

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. ती भावाला कडेवर घेऊन बायकांच्या घोळक्यात उभी होती.

"दादासायब, माहं नाव बी लिव्हा की. सरकार काय एकल्या गड्यालाच जेलात घालते?"

गडी माणसे हसली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, लेकराचं काय करशील?" माय म्हणाली, "लेकरू काय त्याच्या बापाच्या पाठीवर वाढते का? माह्यासंगं येईल ते बी." लोक आणखी हसले. वडील खाली मान घालून बसले.

दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी मायकडे पाहिले, तिच्या कडेवरच्या लेकराकडे पाहिले आणि बाकड्यावर एका बाजूला सरकले. मोकळ्या जागेवर हात ठेवून तिला बसायची खूण केली. माय जागची हलेना. कशी हलणार? गावात मोठ्या माणसासमोर ती कधी ओट्यावर टेकली नव्हती, मग नेत्याच्या शेजारी बाकड्यावर कशी बसेल? ती तशीच उभी राहिली. तेव्हा दादासाहेब स्वतः उठून उभे राहिले. बाकडे सगळेच मोकळे करून दिले. मग मात्र मायचा इलाज चालला नाही. ती लेकराला मांडीवर घेऊन टेकली. दादासाहेबांनी आमच्याकडे पाहून वहीकडे बोट दाखवले. आम्ही मायचे नाव लिहिले. तिचे नाव कागदावर लिहिण्याची ती आमची पहिलीच वेळ. तोवर आमच्यासाठी ती नुसती माय होती.

त्यानंतर आणखी नऊ-दहा बायकांनी नावे दिली. गाडीची घंटा होईपर्यंत दादासाहेब उभेच होते आणि बाकड्यावर बायका बसल्या होत्या. गाडी आली, जयभीमचा गजर झाला, माणसांच्या खांद्यांवरून झेंडूचे हार पुढे गेले आणि गाडी निघून गेली. एवढीच ती भेट.

आजच्या मुलांना दादासाहेब कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या सत्याग्रह समितीचे ते चिटणीस. परमपूज्य बाबासाहेबांनी लढा पुकारावा आणि दादासाहेबांनी तो गावपातळीवर वर्षानुवर्षे तगवून धरावा, असे त्या काळात चालले. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ पासून १९६८ पर्यंत राज्यसभेत होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पण दोनच वर्षांत त्यात फूट पडली. शिकलेल्या, वकील मंडळींच्या गटाला लोक पँटवाले म्हणू लागले आणि दादासाहेबांच्या गटाला धोतरवाले. टिंगल म्हणून दिलेले ते नाव. पण आमच्या वडिलांना त्याचा अभिमान वाटायचा. धोतरवाल्याला जमिनीचे दुःख कळते, असे ते म्हणत.

जमिनीचा हा प्रश्न दादासाहेबांनी नव्याने काढला नव्हता. आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात असतानाच, १९५३ साली, बाबासाहेबांच्या हयातीत औरंगाबादचे बी. एस. मोरे यांच्या पुढाकाराने इथे पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला होता. १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात मोठा भूमिहीन सत्याग्रह झाला. आणि १९६४ साली तो साऱ्या देशात झाला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे मागण्यांची सनद दिली. ती सनद प्रत्येक बौद्ध घराने माहीत करून घ्यावी अशी आहे. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लावा. कसणाऱ्याला जमीन द्या. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना वाटा. धान्य माफक भावात मिळू द्या. झोपडपट्टीवासीयांचे हाल थांबवा. किमान वेतनाचा कायदा खरोखर लावा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. अत्याचार थांबवा. अशा त्या मागण्या. ६ डिसेंबर १९६४ या महापरिनिर्वाणदिनी सत्याग्रह सुरू झाला आणि देशभरात तीन लाखांहून अधिक माणसांनी तुरुंगवास पत्करला. तीन लाख! आणि त्यातले बहुतेक अंगठाबहाद्दर, उद्याच्या भाकरीचा भरवसा नसलेले.

त्या तीन लाखांत आमचे आईवडील होते. वडील गेले, माय गेली, कडेवरचा भाऊही गेला. आम्ही आजीजवळ राहिलो. तुरुंगात माय घाबरली असेल असे आम्हाला वाटायचे. परत आल्यावर तिने सांगितले की लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला रोज आयती भाकर मिळाली, आणि रात्री सगळ्या बाया मिळून बुद्धवंदना म्हणत होत्या. तिथेच तिला पंचशील तोंडपाठ झाले. घरी आल्यावर मात्र वडिलांचे साल गेले होते. त्या वर्षी गावात कुणीही त्यांना कामाला ठेवले नाही. ते दिवस कसे काढले ते इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात ते दिवस होऊन गेले त्यांना सांगायची गरज नाही.

आता त्या सनदेचे पुढे काय झाले ते पाहा. बाबासाहेबांचे चित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते १२ एप्रिल १९९० ला, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना. त्यानंतर दोनच दिवसांनी, जयंतीच्या दिवशी, बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले आणि माईसाहेबांनी ते स्वीकारले. त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्या पुरत्या त्या १९६० सालीच दिल्या होत्या. म्हणजे मागणी केल्यापासून सव्वीस वर्षे लागली, पण या दोन मागण्या पदरात पडल्या. दादासाहेब तोवर जाऊन अठरा वर्षे झाली होती. ज्याने झाड लावले त्याला सावली मिळाली नाही, आपल्याला मिळाली. आज आपल्या घरातला मुलगा नोकरीला लागला, मुलगी नर्स झाली, तर त्यात पूर्णा स्टेशनवर अंगठा उठवणाऱ्या माणसांचाही वाटा आहे.

पण जमिनीची मागणी? ती अजून त्या वहीच्या शेवटच्या रकान्यातच अडकली आहे.

आता आमची चूक सांगतो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी त्याच दिवसांतला. अशा वातावरणात, १९७९ च्या पावसाळ्यापूर्वी, आमच्या आईवडिलांनी गावच्या गायरानात तीन एकर मुरमाड माळ फोडला. दगड वेचून बांध घातले. पहिल्या साली उभी ज्वारी रात्रीतून कुणीतरी ढोरांना चारली. दुसऱ्या साली माय कोपीत लेकरू घेऊन राखणीला राहिली. दरवर्षी अतिक्रमणाचा दंड भरायचा आणि पावती ट्रंकेत ठेवायची, असे चालले. १९८६ साली वडील कालकथित झाले. त्यानंतर जमीन कसली ती मायने. पेरणी तिची, राखण तिची, दंडही तिनेच मजुरीच्या पैशातून भरला. पावती मात्र वडिलांच्याच नावाने फाटत राहिली. मेलेल्या माणसाच्या नावाने पावती फाटते आहे हे ना कुणी पाहिले, ना आम्ही विचारले.

२८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारचा निर्णय निघाला. मागासवर्गीय भूमिहीनांनी १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात सरकारी पडीक व गायरान जमिनीवर शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायची, असे ठरले. आम्हाला केवढा आनंद झाला! आम्ही तोवर चार बुके शिकून नोकरीला लागलो होतो. सुटी काढून गावी आलो, विहारात बसून अर्ध्या वस्तीचे अर्ज लिहिले, आणि घरचाही लिहिला. अर्जदार म्हणून नाव टाकले धाकट्या भावाचे. मनात विचार असा की माय थकली, उद्या शेती भाऊच करणार, कशाला दोनदा कागद करायचे.

माय शेजारी बसली होती. तिने विचारले, "माहं नाव कुठं हाय?"

आम्ही म्हणालो, "माय, भावाचं काय आन् तुझं काय, एकच की."

ती काही बोलली नाही. पूर्णेच्या फलाटावर शंभर माणसांसमोर बोलली होती, पोटच्या लेकासमोर गप्प बसली.

अर्ज कचेरीत गेला. पंचनामा झाला. पुढे त्यावर त्रुटी निघाली. दंडाच्या पावत्या एकाच्या नावाने, ताबा दुसऱ्याचा, अर्ज तिसऱ्याचा. गाव नमुना एक-ईमध्ये वडिलांचे नाव, ते १९८६ सालीच वारलेले. भाऊ म्हणतो मी कसतो, पण नमूद काळात तो कसत होता याचा कागद नाही. जिने कसली तिचे नाव एकाही कागदावर नाही. अर्ज मायच्या नावाने गेला असता, कसणाऱ्या माणसाची विधवा आणि स्वतः ताब्यात असलेली भूमिहीन बाई म्हणून, तर ही गाठ पडली नसती. आमच्या वस्तीतल्या ज्या दोन विधवांनी स्वतःच्या नावाने अर्ज केले होते, त्यांच्या सातबाऱ्यावर नावे चढली. त्यांचे अर्ज आम्हीच लिहिले होते. माय २००४ साली गेली. फाईल अजून आहे. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानाच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा भावजयीने ट्रंक उघडून पावत्या अंगणात मांडल्या. त्यातल्या काही वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या पावत्यांकडे पाहताना आम्हाला फलाटावरचे ते बाकडे आठवले आणि खरे सांगतो, मान वर करवेना.

दादासाहेबांनी अनोळखी बाईसाठी बाकडे मोकळे केले. आम्ही सख्ख्या आईला अर्जावर एका ओळीची जागा दिली नाही.

वाचकहो, ही घरगुती गोष्ट वर्तमानपत्रात मांडण्याचे कारण असे की आमच्या घरात झाले ते पुष्कळ घरांत झाले आहे. आम्ही जयंतीला दादासाहेबांचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी ठेवतो, हार घालतो, भाषणे करतो. मंचावर पहिल्या रांगेतल्या खुर्चीसाठी आपल्या गटागटांत काय चालते ते तुम्हालाही ठाऊक आहे. उठून उभे राहणारा नेता आता क्वचित दिसतो. पण नेत्यांना बोल लावून आपण सुटत नाही. घरातले बाकडे तरी आपल्या हातात आहे ना?

दादासाहेबांचे नाव आज एका सरकारी योजनेलाही आहे. २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना चालू झाली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, असे तिचे स्वरूप. आधी निम्मे कर्ज आणि निम्मे अनुदान होते. २०१८ च्या निर्णयाने सगळेच अनुदान झाले. विधवा, परित्यक्ता भगिनी आणि अत्याचारपीडित कुटुंबांना तीत प्राधान्य आहे, आणि एरवी जमीन नवरा-बायको दोघांच्या नावाने करायची आहे. अडचण अशी की सरकार जमीन विकत घेऊन देणार, आणि २०१८ ला ठरलेला दर जिरायतीला एकरी ५ लाख व बागायतीला एकरी ८ लाखांपर्यंतचा. हळदीचा पैसा आलेल्या आपल्या भागात त्या दरात चांगली जमीन विकायला कोण पुढे येणार? तरीही अर्ज करायचा सोडू नये. मागणाऱ्यांची यादीच लांब नसेल, तर दर वाढवा हे कोणाच्या जोरावर सांगणार? १९६४ साली यादी लांब होती, म्हणून तर दिल्लीला दखल घ्यावी लागली.

म्हणून या स्मृतिदिनी आमची एक विनंती आहे. आपापल्या विहारात वंदना झाल्यावर दोन तास बसा. ज्यांच्या घरी गायरानाची जमीन कसली जाते त्यांनी ट्रंका, पेट्या, उतरंडी धुंडाळून सगळे कागद आणावेत. दंडाच्या पावत्या, पंचनाम्याची नक्कल, पीकपाण्याचा उतारा, गाव नमुना एक-ईची नक्कल, जुनी नोटीस, एवढेच काय, त्या जमिनीवरून झालेल्या भांडणाची पोलिसातली नोंद असली तर तीही. ज्या कागदाची लाज वाटत होती तोच कागद आज कामाचा आहे, कारण तुम्ही त्या काळात तिथे होता हे तो सांगतो. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, कितीही ओळखीचा असो. घरातला माणूस वारला असेल तर वारसांची नावे लावून घ्या, मेलेल्याच्या नावाने काही चालू ठेवू नका. भूमिहीन असाल तर सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात योजनेचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि शिकलेल्या मुला-मुलींनो, तुम्ही पेन घेऊन या. कधीतरी आमच्यासारख्या बारा वर्षांच्या पोराच्या हातात कुणीतरी पेन दिले होते. आज तुमच्या हातात फोन आहे, तुम्ही अर्ज त्यावरही भराल. फक्त भरताना एक करा. अर्ज घराचा असेल तर आधी विचारा की जमीन कसते कोण, खुरपते कोण, राखते कोण. त्या बाईचे पूर्ण नाव विचारा आणि ते आधी लिहा. ती म्हणेल, माहं कशाला, त्यायचंच लिव्हा. तरी लिहा. वाचून दाखवा. आणि ती उभी असेल तर तुम्ही आधी उठा, तिला बसायला जागा द्या.

पूर्णेचे ते जुने मीटरगेज स्टेशन आता तसे राहिलेले नाही. हिंगोलीची छोटी गाडी जाऊन मोठी गाडी आली. ते लाकडी बाकडेही केव्हाच मोडले असेल. भावाच्या फाईलवर आम्ही गेल्या महिन्यात नवा अर्ज जोडला आहे. त्यात कसणारी व्यक्ती म्हणून पहिल्या ओळीत मायचे नाव लिहिले, 'कालकथित' असे पुढे लावून. उशीर फार झाला. पण अक्षर चांगले काढले आहे.

कर्मवीर दादासाहेबांच्या स्मृतीला आणि त्या वहीत अंगठे उठवणाऱ्या सगळ्या आया-बापांना आमचे विनम्र अभिवादन.

जयभीम.